आधी रक्त, मग गोळी

बस इथं पायरीवर. चहा नको म्हणालीस तरी मी सांगितलाय. पोलादपुराहून उभ्यानं आलीस, परवा पहाटे पुन्हा मुंबई, जावयांना घरी सोडणार म्हणतात. तुझ्या हातातला तो कागद बघितला मी. गोळ्यांची यादी, सतरा ओळी. घाबरू नको बाय, आमच्या नातवाच्या ट्रान्सप्लांटच्या वेळी एकोणीस होत्या. त्यातल्या पंधरा-सोळा तू नीट देशीलच. मला बोलायचंय ते त्या एका गोळीविषयी, जिच्यापुढे डॉक्टरांनी वेळ घातलीय आणि खाली दोन रेघा ओढल्यात.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गोळी गिळली म्हणजे गोळी लागली, असं नाही.

हे तळं बघतेस ना? १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही आपला ठराव केला, तळं उघडं. कागद झाला, सही झाली, शिक्का बसला. पाणी मिळालं का? ओंजळभरसुद्धा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब या पायऱ्या उतरले तेव्हा कुठं पाणी ओठाला लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. तेव्हा कागदावर काय आहे आणि तोंडात काय पडलं, यातलं अंतर महाडच्या माणसाला समजावून सांगायला नको. तुझ्या कागदावर लिहिलंय टॅक्रोलिमस, दोन मिलिग्रॅम. पोटात गेले दोन मिलिग्रॅम. रक्तात किती उतरले, ते विचार.

मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, मला हे गाडीवरूनच कळलं. महाडहून गच्च भरून सुटलेली गाडी. माणगावला उतरले, कोलाडला उतरले, नागोठण्याला, वडखळला. पनवेलला मान वर करून बघावं तर दहा-बारा डोकी. टॅक्रोलिमसचं तसंच आहे. शंभर गिळले तर सरासरी वीस-पंचवीस रक्तात पोचतात. बरं, सरासरी झाली ती. कुणाचे सात-आठच पोचतात, कुणाचे निम्म्याहून जास्त. आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन बसलेलं असतं, ते आत शिरलेलं औषध पुन्हा बाहेर आतड्यात लोटतं. शेजारीच एक एन्झाइम, ते औषधाचे तुकडे करतं. त्यातून जे सुटलं ते यकृतात जातं, तिथंही तेच एन्झाइम हात मारून घेतं. नातवाला या गोळीऐवजी सायक्लोस्पोरिन होतं. त्याची वाट याच दोघांच्या अंगावरून जाते. शिवाय ते औषध तेलकट जातीचं, पाण्यात विरघळायला तयार नाही. जुन्या काळी ते नुसत्या तेलात मिळायचं, आणि पित्त नीट सुटलं तरच अंगी लागायचं. आताचं जरा सुधारलेलं, पोटात गेल्यावर बारीक थेंबांत फुटतं. तरीही लहरीच.

एवढं कशाला बघायचं म्हणशील. जावयांच्या हाडांतला मगज आता तुझ्या दिराचा आहे. अर्धाच जुळला म्हणालीस ना? अर्धा किंवा पूर्ण, त्या पेशी परक्या घरात आल्यात, आणि त्यांना हे घर शत्रूचं वाटू शकतं. मग त्या चामडीवर उठतात, आतड्यावर उठतात, यकृतावर उठतात. इस्पितळात त्याला जीव्हीएचडी म्हणतात, तू ऐकलं असशीलच. ही गोळी त्यांना दमात ठेवते. रक्तात कमी पडली तर त्या उठतात, जास्त झाली तर मूत्रपिंड धरतं, रक्तदाब चढतो, हात थरथरतात, फारच वाढली तर झटकेसुद्धा येतात. मधली पायवाट अरुंद आहे. आणि जावयांना रक्ताचा कॅन्सर होता, म्हणजे त्या पेशींना अगदी झोपवूनही चालत नाही. उरलासुरला कॅन्सर हुडकून मारायचं काम त्यांच्याकडंच आहे. म्हणून डॉक्टर आकडा बघून अर्ध्या मिलिग्रॅमनं वर-खाली करत बसतात. ते बघून, ‘यांचं यांनाच कळत नाही,’ असं मला एकदा वाटलं होतं. तोंडानं बोललोही. नंतर लाज वाटली.

आता तो आकडा. रक्त घेतात ते गोळीच्या आधी. रात्रीच्या गोळीला बारा तास होत आले, अंगात औषध सगळ्यात खाली आलं, त्या घडीचं रक्त. मी घातलेला घोळ ऐक. पहिल्याच खेपेला पहाटे चारला महाडहून निघालो. मी वेळेचा पक्का, एकतीस वर्षांत गाडी माझ्यामुळं कधी लेट झाली नाही. पेणजवळ आठ वाजले, घड्याळ वाजलं, मी पोराला गोळी दिली. साडेनऊला पोचलो, दहाला रक्त. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘आजोबा, सकाळची गोळी कधी दिली?’ मी छाती काढून सांगितलं, ‘बरोब्बर आठला!’ त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या वेळी औषध चढणीला लागलेलं असतं, त्या रक्ताचा आकडा काढून काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त, म्हणजे तिथंच मुक्काम. लॉजचं भाडं गेलं त्याचं काही नाही, पोराला आणखी एकदा सुई बसली.

तेव्हापासून आमच्या घरात म्हण पडली: आधी रक्त, मग गोळी. गोळी बरोबर न्यायची, डबीत, पाण्याच्या बाटलीसकट. रक्त काढून कापूस दाबला की तिथंच बाकावर गिळायची. विसरून घरी ठेवली तर अख्खी सकाळ कोरडी जाते, तीही वाईटच. आणि रक्त घेणाऱ्याला आपणहून सांगायचं, काल रात्री कितीला घेतली. विचारलं नाही तरी सांगायचं.

पोलादपूर लांब. आठ-आठची वेळ ठेवलीस तर रक्त घ्यायच्या वेळी तू माणगावच्या, इंदापूरच्या नाहीतर नागोठण्याच्या ट्रॅफिकात. सांगायचं एवढंच की, आम्ही डॉक्टरांना विचारून आठाचे दहा करून घेतले. सकाळी दहा, रात्री दहा. म्हणजे तिथं पोचून, नंबर लावून, साडेनऊ-पावणेदहाला रक्त देता येतं. हे घरच्या घरी ठरवू नको. वेळ सरकवायची तर कशी, ते त्यांनी सांगायला हवं. पण मागून घे. गावावरनं येणाऱ्याची वाट किती लांब ते त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक, हे कुणी सहसा बोलत नाही. जावयांच्या छातीत ती नळी अजून आहे का? नळीच्या ज्या तोंडातून शिरेवाटे हेच औषध चालू होतं, त्या तोंडातून या तपासणीचं रक्त काढायचं नाही. औषध नळीच्या आतल्या अंगाला चिकटून राहतं. रक्त त्याला पुसत येतं आणि आकडा भलताच मोठा दिसतो. सिस्टरांना ते ठाऊक असतं, पण ड्यूटी बदलते, तू हळूच विचार, ‘सिस्टर, औषध कोणत्या बाजूनं जात होतं?’ कुणी रागावत नाही.

औषध शिरेतून तोंडावर आलं तेव्हा गोळीचे आकडे एकदम मोठे दिसले असतील तुला. दुप्पट, तिप्पट, टॅक्रोलिमसचे चौपटही. चूक नाही ती. शिरेत दिलेलं सगळंच्या सगळं रक्तात, तोंडानं दिलेल्यातलं वाटेत उतरतं, म्हणून. आधी शिरेतूनच का दिलं? तोंड आलं होतं ना त्यांना, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं? केमोनं तोंड येतं तसं ते खालपर्यंत येतं. आतडं आतून सोलून निघतं. सोललेल्या आतड्याला औषध शोषायचं भान कुठलं!

यावरून जुलाबाचं सांगतो, इथं नीट लक्ष दे. नातवाला जुलाब लागले तेव्हा त्याचं सायक्लोस्पोरिन खाली आलं. साहजिक वाटतं, वाहून गेलं. शेजारच्या खाटेवर एक भाऊ होते, त्यांना टॅक्रोलिमस. त्यांनाही जुलाब, आणि त्यांचा आकडा वर! मी म्हटलं लॅबवाल्यानं बाटल्या बदलल्या. तसं नव्हतं. अस्तर खरवडलं गेलं की ते बाहेर लोटणारं प्रथिन आणि ते कापणारं एन्झाइम, दोन्ही दुबळी पडतात. टॅक्रोलिमसला वाटेत नाकीच उरत नाहीत, ते सरळ आत. जावयांना टॅक्रोलिमस आहे. म्हणजे जुलाब झाले की तुला वाटेल औषध वाया गेलं, एखादी जास्त द्यावी. अजिबात नाही. तसंच, कमी करायचं म्हणून बंदही नाही. फोन. रात्री दोन वाजता का असेना. जुलाब जंतूचे असतील, त्या जीव्हीएचडीचे असतील, नाहीतर त्यांच्या यादीतल्या मायकोफेनोलेटनंही होतात. तिन्हींचा इलाज तीन दिशांना. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून देऊन मोकळं व्हायचं नाही. किती वेळा झाले, पाण्यासारखे का, हिरवट का, रक्त आहे का, हे बघून सांगायचं. घाण वाटून घेऊ नको.

उलटीचंही तेच. गोळी घेतल्यावर किती मिनिटांनी उलटी झाली ते घड्याळात बघ आणि विचार, पुन्हा द्यायची का. अंदाजानं दुसरी देऊ नको. आणि एखादी चुकलीच तर पुढच्या वेळी दोन मिळून द्यायच्या नाहीत.

खाण्याकडं वळू. तुझी मामी आयुष्यभर म्हणत आली, औषध रिकाम्या पोटी देऊ नये, पोटाला लागतं. या गोळीला तो नियम नाही. टॅक्रोलिमस रिकाम्या पोटी चांगलं शोषतं, तेला-तुपाच्या जेवणावर गेलं तर बरंचसं मागं राहतं. जेवणाच्या आधी तासभर, नाहीतर जेवणानंतर दोन-तीन तासांनी. दहाला गोळी तर पेज सातला, जेवण साडेअकराला, असं काहीतरी बसव. आणि मग ते मोडू नको. रोज एकसारखं, यात अर्धं गमक आहे. एक दिवस तांदळाची भाकरी नि कुळथाचं पिठलं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मटणाचा रस्सा, तर आकडा नाचणारच, आणि डॉक्टर गोळीला दोष देत बसतील. काही खायला कमी-जास्त द्यायचं झालं तर गोळीच्या वेळेपासून लांब दे.

आता फळं. आपल्या कोकणात परसदारी पपनस असतं, गणपतीच्या माटवीला टांगतात ते. ते जावयांच्या तोंडी जाता कामा नये. फोडही नाही, रसही नाही. परदेशात त्याच्या जातीचं ग्रेपफ्रूट म्हणून फळ आहे, त्यावरून हे उजेडात आलं. त्यातलं द्रव्य आतड्यातल्या त्या कापणाऱ्या एन्झाइमला निकामी करतं, आणि एकदा निकामी केलं की ते पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात. म्हणजे सकाळी पपनस, संध्याकाळी गोळी, असं अंतर ठेवूनही भागत नाही. आमच्याकडं शेजारच्या काकूंनी गणपतीत प्रेमानं सोलून आणलं होतं, गुलाबी पाकळ्या, वर मीठ. पोराच्या तोंडाला पाणी सुटलं. मी ताट परत केलं. काकू दोन महिने बोलल्या नाहीत. संत्र्याचा तो त्रास नाही. इतर लिंबाच्या जातीच्या फळांचं डाएटवाल्या बाईंना नावानिशी विचारून घे.

काढ्याचं त्याहून वाईट. तू बघशीलच, घरी पोचायच्या आत चार जण गुळवेलीच्या कांड्या घेऊन दारात उभे. ‘प्रतिकारशक्ती वाढते!’ अगं, तीच तर आपण पैसे मोजून दाबून ठेवलीय. त्या पेशींना चिथवायला गुळवेल कशाला घालायची? नुसतं एवढंच नाही, त्यानं यकृताला सूज आलेली माणसंही मुंबईच्या डॉक्टरांनी बघितलीत. आमटीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सुला आणि वाटीवाटीनं हळदीचं दूध नको, त्यानंही टॅक्रोलिमस चढल्याचे दाखले आहेत. आलेल्या माणसाला दुखवायचं नसेल तर कांड्या घे, नमस्कार कर, आणि मागच्या अंगणात लावून टाक. माझ्याकडं वेल आता माडावर चढलाय.

मेडिकलच्या औषधांत दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, बुरशीची औषधं, व्होरिकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल. ही त्या एन्झाइमचा गळा धरतात, मग आपली गोळी रक्तात साठत जाते. व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस एक-तृतीयांशावर आणतात, यावरून समज. ते डॉक्टर बघतात. आपण बघायचं ते उलट टोक: बुरशीची गोळी संपली, मेडिकलवाल्याकडं नव्हती म्हणून चार दिवस राहिली, पैसे नव्हते म्हणून राहिली, की इकडं टॅक्रोलिमस घसरणार आणि तुला कळणारही नाही. त्यामुळं यादीतली कुठलीही गोळी थांबली तर ती दोन रेघांची गोळीही हलली असं समज. दुसरी ठेच, टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या. त्या एन्झाइमला उलट भरीस घालतात, मग कितीही गोळ्या दे, रक्तात काही उरत नाही. गावचे डॉक्टर चांगले असतात, पण तापाला एखादं अँटिबायोटिक लिहून देतील, त्यातही काही या एन्झाइमला अडवणारी आहेत. चिठ्ठी हातात आली की आधी ट्रान्सप्लांटवाल्यांना वाचून दाखव, मग मोज पैसे.

आणि ‘हेच आहे हो, फक्त कंपनी दुसरी,’ असं काउंटरवर म्हणाले तर घेऊ नको. गोळी तीच असेल, तिचं शोषण तितकंच असेल याची खात्री आकडा बघितल्याशिवाय नाही. बदलायचीच वेळ आली तर कळवायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. पंधरा दिवसांचा साठा उरला की पुढची मागणी घाल. पोलादपुरात लगेच मिळेल या भरवशावर राहू नको.

मायकोफेनोलेटचा एक काटा आहे. टॅक्रोलिमसनं लघवीवाटे मॅग्नेशियम गळतं, म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या देतात. यादीत बघ, अकरावी ओळ. ते मॅग्नेशियम आणि ॲसिडिटीचं पांढरं औषध मायकोफेनोलेटला पोटातच धरून ठेवतं. दोन्हींमध्ये दोन तास तरी अंतर ठेव, नक्की किती ते विचारून कागदावर लिहून घे. आणि मायकोफेनोलेटच्या कॅप्सुला फोडून पाण्यात कालवायच्या नाहीत. तुला दिवस जायचा संभव असेल तर त्यांची भुकटी हातालाही लागू देऊ नको, पोटातल्या बाळाला बाधते. मामानं असं बोलू नये, पण मामी आता नाही, कोण सांगणार.

ठेवायचं कुठं? देवघरात समईजवळ नाही, गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर नाही, फ्रिजमध्येही नाही. कोरड्या, सावलीच्या कपाटात. आठवड्याच्या सात खणांच्या डब्या मिळतात, त्यात बाकीच्या गोळ्या खुशाल भर, पण ही गोळी चकाकत्या कागदातून आधी सोडवून ठेवू नको. आपल्याकडची श्रावणातली हवा तुला माहीत आहे, पापड दोन तासांत मऊ पडतो. कात्रीनं पट्टीचा तुकडा काप आणि तुकड्यासकट खणात टाक. सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल तर उघडली की असा कुजट वास सुटायचा की पोरगं नाक दाबून बसायचं. त्याला आधी पातळ औषध होतं, त्यातही मी शहाणपणा केला. मापाच्या पिचकारीनं मोजायचो आणि प्लास्टिकच्या पेल्यात रस घालून द्यायचो. दोनदा आकडा कमी आला. तेव्हा सिस्टरनं पेला बघितला. ते औषध प्लास्टिकला चिकटतं! काचेच्या ग्लासात, संत्र्याच्या रसात, चमच्यानं ढवळून लगेच पाजायचं, मग त्याच ग्लासात थोडा रस घालून, खंगाळून तोही पाजायचा. आणि पिचकारी पाण्यानं धुवायची नाही, नुसती कोरडी पुसायची. जावयांना गोळ्याच आहेत, तुला याचा उपयोग नाही. पण तिकडं वॉर्डात कुणी लहान पोर असेल तर त्याच्या आईला सांग.

ही औषधं आली कुठून माहीत आहे? मातीतून. सायक्लोस्पोरिनची बुरशी नॉर्वेच्या एका माळरानावरच्या मातीत सापडली, १९६९ साली कुणी सुट्टीवर गेलेल्यानं पिशवीत भरून आणलेली. टॅक्रोलिमस जपानात, त्सुकुबा नावाच्या डोंगराच्या पायथ्याच्या मातीतल्या जंतूचं, १९८४. तिसरं एक आहे सिरोलिमस, ते पॅसिफिकातल्या रापा नुई बेटाच्या मातीतलं, आणि ते शोधून काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल फाळणीआधीच्या हिंदुस्थानात जन्मलेले. मातीनंच औषध दिलं, आणि मातीच जावयांच्या जवळ येऊ द्यायची नाही. शेतावर नाही, कुंड्यांत हात नाही, झाडू मारताना खोलीत नाही. त्यातल्या बुरशा त्यांच्या फुप्फुसात बसतील.

हे मला महापुरानं शिकवलं. नातवाला घरी आणून तीन आठवडे झाले होते, २२ जुलै २०२१. रात्रीत सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या. लाइट गेली, फोन गेले, तिकडं तळियेत डोंगर कोसळला त्याची बातमीसुद्धा उशिरा कळली. घरातलं सगळं गेलं, पण गोळ्या राहिल्या, कारण तुझ्या मामीनं पोर घरी येताच पंधरा दिवसांच्या पट्ट्या, यादीची झेरॉक्स आणि एक थर्मामीटर प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर टाकलं होतं. पाणी उतरलं तर घरात गुडघाभर गाळ. तो वाळून उडायला लागायच्या आत पोराला पनवेलला आत्याकडं नेऊन सोडलं, महिनाभर. तुझं घर पुराच्या पट्ट्यात नसेल, पण पोलादपुरात दरड पडून रस्ता बंद होतोच. सावित्रीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, दोन एसट्यांसकट. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. त्या डेपोंतली माणसं ओळखीची होती. तेव्हापासून रस्ता आपल्याला पोचवेलच असं मी धरून चालत नाही. पिशवी बांध.

वही कर. माझी वही वेबिलासारखी होती. तारीख, गोळीची वेळ, जेवणाची वेळ, ताप, रक्तदाब, वजन, जुलाब-उलटी, आणि शेवटच्या रकान्यात आकडा. खाडाखोड करायची नाही. तुझ्या हातून चुकलं तर चुकलं म्हणून लिही. गोळी दहाला द्यायची राहिली नि अकराला दिली, तर अकराच लिही. खोटं वेबिल तपासणीवाल्याला फसवतं. इथं खोट्या वेळेवरून डॉक्टर उद्याचा डोस ठरवतील. हात थरथरतात का तेही लिही. चहाचा कप धरताना बघ, सही करायला लावून बघ. नातवाच्या डोक्यावर केस नव्हते आणि कपाळावर, कानांवर लव आली होती, सायक्लोस्पोरिनची. आरशात बघून हसायचा, म्हणायचा, ‘आबा, मी मारुती झालो.’

बरं वाटायला लागलं की सगळ्यात जपायचं. चेहऱ्यावर तजेला येतो, भूक लागते, माणूस म्हणतो आता कशाला एवढ्या गोळ्या. किडनीवाल्यांना ही औषधं जन्मभर. आपल्याला तसं नाही, सगळं ठीक चाललं तर शंभराव्या दिवसाच्या पुढं-मागं कमी करायला घेतात आणि काही महिन्यांत बंद होतात. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा, कुणाला वर्ष. पण ते कमी करणं उतारावरून गाडी आणण्यासारखं, ब्रेक हळूहळू सोडायचा. जावयांनी मनानं सोडला तर आंबेनळीच्या वळणावर काय होतं ते तुला सांगायला नको.

२० मार्चला येशील ना? नातवाच्या औषधांच्या वर्षी अशीच गर्दी, देशभरातून माणसं, जो तो ओंजळीनं पाणी पितो, बाटल्या भरून नेतो. नातवानं हट्ट धरला. तीन पिढ्या पीत आल्या, मग मीच का नाही? मला बोलता येईना. हे पाणी पिऊ नको म्हणून या तळ्यावर कुणाला सांगायचं म्हणजे काय, बाय, तूच सांग. शेवटी मी पहाटे, गर्दीच्या आधी, तांब्याभर नेलं, घरी खळखळा उकळलं, निवू दिलं, आणि दहाची गोळी झाल्यावर त्याला ग्लासातून दिलं. ‘चव नाही लागत,’ म्हणाला. उकळल्या पाण्याला नसतेच. डॉक्टरांना विचारलं असतं तर बहुधा तेही नको म्हणाले असते. तू विचार. गंमत बघ, आपल्या देशातलं पहिलं असलं ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवानींनी केलं ते २० मार्चलाच, १९८३ साली. नऊ वर्षांची मुलगी, भावाचा मगज. डॉक्टर स्वतः पोलिओमुळं व्हीलचेअरवरचे. पुढं टाटाचं ते काम खारघरला ॲक्ट्रेकमध्ये आलं, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. वॉर्डात हे मला एका मामांनी सांगितलं, मी डायरीत उतरवून घेतलं.

ऊठ आता, तुझी पोलादपूर गाडी फलाटाला लागलेली असेल. पुढं तपासणीला पहाटे निघताना जावयांना पुढच्या सीटवर बसव, खिडकी बंद, मास्क. रक्ताचा कागद वरच्या कप्प्यात. आणि गोळीची डबी तुझ्या पर्समध्ये ठेव, त्यांच्या खिशात नको. त्यांच्याजवळ असली तर दहा वाजले की घेतील, रांगेत उभे असले तरी.